सर्वांत मोठा कोण, हे ठरवणारे आपण कोण?

माझा भाचा टेक्सासमध्ये नोकरीला आहे. दर वर्षी फेब्रुवारीत सुपर बोल झाला की त्याचा फोन ठरलेला. तिकडे रविवारची रात्र, इकडे सोमवारची सकाळ. मी चहा घेत असतो आणि हा तिकडून ओरडत असतो. यंदा त्यानं सरळ प्रश्नच टाकला, "मामा, आजवरचा सगळ्यात भारी वाइड रिसीव्हर कोण? एकच नाव सांग. तू पत्रकार ना?"

मी एक नाव सांगितलं. पण नंतर दोन-तीन दिवस ते डोक्यातून जाईना. म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट. ज्यांना अमेरिकन फुटबॉलचं काही माहीत नाही त्यांनीही वाचा. खेळ तिकडचा असला तरी दुखणं ओळखीचं आहे.

आधी खेळ थोडक्यात. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. अकरा विरुद्ध अकरा, शंभर यार्डांचं मैदान. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर आणखी चार प्रयत्न. चेंडू समोरच्याच्या हद्दीच्या टोकाला पोचवला की टचडाउन, सहा गुण. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि कडेला उभा असलेला वाइड रिसीव्हर जिवाच्या आकांतानं पळत जाऊन तो झेलतो. अंगावर चालून येणारा बचावपटू असतोच. म्हणजे सीमारेषेवरचा अवघड झेल घ्यायचा, पण घेताना कुणीतरी शंभर किलोचा गडी बरगडीत घुसणार हे माहीत असताना.

आता भाच्याचा प्रश्न. आकड्यांवर जायचं तर उत्तर सोपं आहे. जेरी राइस.

मिसिसिपीतल्या एका खेड्यातला, गवंड्याचा पोरगा. सुट्टीत बापाच्या हाताखाली काम. भाऊ खालून विटा वर फेकायचे आणि हा परातीवर उभा राहून त्या झेलायचा. हात तिथं तयार झाले, असं तो स्वतःच सांगतो. कॉलेज मिळालं ते मिसिसिपी व्हॅली स्टेट, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उभं राहिलेलं एक छोटं कॉलेज. १९८४ च्या हंगामात तिथं त्यानं २७ टचडाउन झेलले. तरी मोठे संघ म्हणत होते, कॉलेज लहान आहे, पोरगा फार वेगवान नाही. १९८५ च्या निवडीत पंधरा नावं झाल्यावर सोळावं नाव त्याचं लागलं, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडून. त्याच्या आधी दोन रिसीव्हर निवडले गेले होते. आज ती दोन नावं किती जणांना आठवतात?

मग पुढची वीस वर्षं. १५४९ झेल. २२,८९५ यार्ड. झेलून केलेले १९७ टचडाउन. १९८७ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे त्याला बाराच सामने मिळाले, त्यात २२ टचडाउन. १९८९ च्या सुपर बोलमध्ये ११ झेल, २१५ यार्ड आणि सामनावीर. वयाची चाळिशी गाठली त्या २००२ च्या हंगामातही बाराशेच्या वर यार्ड. यार्डांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर लॅरी फिट्झजेराल्ड आहे, १७,४९२ वर. पहिल्या आणि दुसऱ्यात ५,४०० हून जास्त यार्डांचं अंतर! आपल्या भाषेत सांगायचं तर ही ब्रॅडमनच्या सरासरीसारखी गोष्ट झाली. वाद घालायला जागाच नाही.

एक डागही सांगितला पाहिजे, नाहीतर मी पत्रकार कसला. हातमोज्यांवर आपण थोडा चिकट फवारा मारायचो, असं राइसनंच २०१५ मध्ये सांगितलं. त्या पदार्थावर १९८१ पासून बंदी होती. त्या काळात सगळेच वापरायचे, असं त्याचं म्हणणं. बाकीच्या खेळाडूंपैकी सगळ्यांनी काही ते मान्य केलं नाही. फवाऱ्यानं बावीस हजार यार्ड होत नाहीत हे खरं, पण नियम तो नियम.

तर भाच्याला मी म्हणालो, राइस. तो खूश झाला, फोन ठेवला. मी मात्र आकडे चाळत बसलो, आणि १९४२ सालाशी अडकलो.

१९४२. ग्रीन बे पॅकर्सचा डॉन हटसन. त्या वर्षी अकरा सामन्यांत त्यानं ७४ झेल घेतले. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूचे किती असतील? २७. पुन्हा वाचा. पहिला ७४, दुसरा २७. हटसन १९३५ ते १९४५ अशी अकरा वर्षं खेळला, ९९ टचडाउन झेलले आणि हा विक्रम मोडायला १९८९ साल उजाडलं. त्या वेळी हंगाम दहा-बारा सामन्यांचा, आज सतराचा. तेव्हा चेंडू फेकण्यापेक्षा घेऊन पळण्यावरच भर असायचा. वर हा बचावातही खेळायचा आणि लाथेनं गुणही मिळवायचा. अमेरिकेतले अनेक जाणकार म्हणतात, रिसीव्हरची जागा कशी खेळायची हे जगाला हटसननंच शिकवलं. त्याला पहिला म्हणणारेही आहेत, आणि ते काही खुळे नाहीत.

पण थांबा. हटसन ज्या लीगमध्ये खेळला तिथं समोर कोण होतं?

१९३४ पासून १९४५ पर्यंत त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. एकही नाही. नियम कुठं लिहिलेला नव्हता. असे नियम कधी लिहिलेले नसतातच, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. मालकांनी आपसात समजून घेतलं आणि दार बंद झालं. हटसनची सगळी कारकीर्द त्या बंद दाराच्या आत झाली.

दाराबाहेर जे उभे होते त्यांत एक नाव वुडी स्ट्रोड. हटसनचा जन्म १९१३ चा, स्ट्रोडचा १९१४ चा. जागाही तीच, तेव्हा तिला 'एन्ड' म्हणत. कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए विद्यापीठात १९३९ मध्ये केनी वॉशिंग्टन, जॅकी रॉबिन्सन आणि स्ट्रोड एकाच संघात होते. रॉबिन्सन म्हणजे तोच, ज्यानं पुढे १९४७ मध्ये बेसबॉलमधली वर्णबंदी मोडली. या तिघांच्या खेळाला देशभर नावाजलं गेलं, पण व्यावसायिक लीगमधून बोलावणं नाही.

दार उघडलं १९४६ मध्ये, आणि ते कसं उघडलं ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं पाठ करावं असं आहे. रॅम्स हा संघ क्लीव्हलंडहून लॉस एंजेलिसला आला आणि त्यानं तिथलं कोलिसियम स्टेडियम मागितलं. स्टेडियम सार्वजनिक, लोकांच्या करातून उभं राहिलेलं. त्याच्या समितीच्या बैठकीत हॅली हार्डिंग नावाचा पत्रकार उभा राहिला. कृष्णवर्णीयांच्या एका छोट्या वृत्तपत्रात खेळाचं पान लिहिणारा माणूस. त्यानं मुद्दा मांडला की जो संघ कृष्णवर्णीयांना खेळवत नाही त्याला सार्वजनिक पैशाचं मैदान का द्यायचं? समितीला उत्तर देता येईना. रॅम्सला आधी वॉशिंग्टनला आणि मग स्ट्रोडला घ्यावं लागलं.

मालकांना पाझर फुटला असं काही नाही. एका लहान पेपरच्या वार्ताहरानं योग्य बैठकीत योग्य प्रश्न विचारला, एवढंच.

स्ट्रोड तेव्हा बत्तीस वर्षांचा झाला होता. रिसीव्हरचं बत्तिसावं म्हणजे उतरतं ऊन. एक हंगाम खेळला, मोजकेच झेल आणि संपलं. पुढे तो सिनेमात गेला, १९६० च्या 'स्पार्टाकस'मध्ये तो आहे. सर्वोत्तम रिसीव्हरांच्या कुठल्याच यादीत त्याचं नाव नाही, असणारही नाही. त्याच्या नावावर आकडाच नाही. तो हटसनच्या तोडीचा होता असं मी म्हणत नाही. कुणीच म्हणू शकत नाही, नेमकं हेच दुखणं आहे. ज्या वर्षांत ते कळलं असतं ती वर्षं त्याला मिळालीच नाहीत.

म्हणून कुणी 'सर्वकालीन महान दहा' असं काही पाठवलं की माझा पहिला प्रश्न असतो, त्या काळात मैदानात यायची परवानगी कुणाकुणाला होती?

दुसरा प्रश्न, नियम कोणते होते? १९७८ मध्ये लीगनं नियम बदलला. बचावपटूनं रिसीव्हरला पहिल्या पाच यार्डांनंतर धरायचं-ढकलायचं नाही. हेतू साधा होता, धावसंख्या वाढली की प्रेक्षक वाढतात. हंगामही चौदावरून सोळा सामन्यांचा झाला, २०२१ पासून सतराचा. त्यामुळे आजचा चांगला रिसीव्हर वर्षाला जे यार्ड सहज काढतो ते १९६० च्या दशकातल्या बहाद्दराला स्वप्नातही दिसले नसते. त्या काळातला रेमंड बेरी आठवा. बाल्टिमोर कोल्ट्सनं त्याला निवडीच्या विसाव्या फेरीत घेतलं होतं. नजर अधू, वेग बेताचा. पण सराव संपल्यावर क्वार्टरबॅक जॉनी युनायटससोबत तो तासन्‌तास थांबायचा. १९५८ च्या अंतिम सामन्यात त्यानं १२ झेल घेतले, १७८ यार्ड काढले. आजच्या नियमांत बेरी कुठं असता?

तिसरा प्रश्न माझ्या जास्त जवळचा. महान कोण हे ठरवतं कोण?

या खेळाचं 'हॉल ऑफ फेम' आहे, ओहायो राज्यातल्या कॅन्टन गावात. तिथं कुणाला घ्यायचं हे जी समिती ठरवते तिच्यात बहुसंख्य आमचे लोक, म्हणजे क्रीडा पत्रकार असतात. आत जायला ऐंशी टक्के मतं लागतात.

टेरेल ओवेन्स हा रिसीव्हर. १५,९३४ यार्ड, १५३ टचडाउन. खेळ थांबवला तेव्हा यार्डांत राइसच्या खालोखाल तोच होता. पायाचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली, सात आठवडेही झाले नव्हते आणि हा २००५ चा सुपर बोल खेळला. ९ झेल, १२२ यार्ड. तरी २०१६ मध्ये समितीनं त्याला नाकारलं, २०१७ मध्ये पुन्हा नाकारलं. कारण काय? तोंडाळ. सहकाऱ्यांशी भांडतो, ड्रेसिंग रूम बिघडवतो. २०१८ मध्ये घेतलं, तर हा पठ्ठ्या सोहळ्याला गेलाच नाही. आपल्या जुन्या कॉलेजात, चॅटनूगाला, स्वतःचा वेगळा कार्यक्रम केला.

त्याच वर्षी रँडी मॉस आत गेला. १९९८ च्या निवडीत वीस नावं झाल्यावर एकविसावं नाव त्याचं होतं, कारण शाळेतल्या मारामारीपासूनची जुनी प्रकरणं मागे होती. ज्यांनी नाकारलं त्यांत डॅलस काउबॉइज होते. त्याच वर्षी डॅलसविरुद्ध मॉसनं तीनच झेल घेतले. यार्ड १६३, आणि तिन्ही टचडाउन. २००७ मध्ये एका हंगामात २३ टचडाउन केले, तो विक्रम त्याच्या नावावर आहे.

आणि बॉब हेस. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सुवर्ण, रिलेचं सुवर्ण. मग डॅलसकडून फुटबॉल. इतका वेगवान की एकास एक बचावपटू पुरेना आणि जागा वाटून अडवण्याची पद्धत पसरली ती त्याच्यासारख्यांमुळे, असं सांगतात. सुपर बोलही जिंकला. खेळ सुटल्यावर अमली पदार्थांच्या प्रकरणात तुरुंगात गेला. २००२ मध्ये वारला. हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं २००९ मध्ये. हार कुणाच्या गळ्यात घालायचा?

हे लिहिताना मला हसू येत नाही, कारण मी त्या खुर्चीत बसलोय. आमच्याकडे दरवर्षी एक क्रीडा पुरस्कार दिला जातो, त्याच्या निवड समितीत मी काही वर्षं आहे. कबड्डीचा एक जुना खेळाडू आहे, नाव देत नाही. त्याच्यासारखी चढाई या भागात मी तरी पाहिली नाही. दोनदा त्याचं नाव चर्चेला आलं. दोन्ही वेळा मी म्हणालो, "खेळ चांगला होता हो, पण माणूस उद्धट आहे." एकदा बातमीवरून तो माझ्याशी चारचौघांत वाईट बोलला होता. समितीला ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. नाव मागे पडलं. ओवेन्सला मत न देणाऱ्या अमेरिकन पत्रकारांवर मी कुठल्या तोंडानं टीका करू?

डिप्लोमाला शिकवायचे, बातमीत 'मी' आणायचा नाही. आम्ही तो बातमीतून काढला आणि समितीत नेऊन बसवला.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो. लॅरी फिट्झजेराल्ड, वर ज्याचं नाव दुसऱ्या क्रमांकावर आलं. सतरा हंगाम एकाच संघात, ॲरिझोना कार्डिनल्समध्ये. त्याचे वडील क्रीडा पत्रकार, नाव तेच, लॅरी फिट्झजेराल्ड. मिनेसोटातल्या एका कृष्णवर्णीय समाजाच्या वृत्तपत्रात लिहिणारे. २००९ चा सुपर बोल टँपाला होता. मुलगा मैदानात, वडील प्रेस बॉक्समध्ये, वार्तांकनाला. प्रेस बॉक्सचा अलिखित कायदा असा की तिथं टाळी वाजवायची नाही. तीन मिनिटंही शिल्लक नव्हती आणि मुलानं मधून चेंडू झेलून ६४ यार्डांची धाव घेतली. टचडाउन, कार्डिनल्स पुढे. स्टेडियम डोक्यावर घेतलेलं, आणि बाप आपल्या जागी शांत बसलेला. त्याचं हे शांत बसणंच तेव्हा बातमी झालं होतं. मग शेवटच्या मिनिटात पिट्सबर्गनं सामना काढला, २७-२३. मुलगा पुन्हा कधी सुपर बोल खेळला नाही.

मी त्या वर्षी रात्रपाळीला होतो. दुसऱ्या दिवशीच्या अंकात एजन्सीची बातमी एका कॉलमात, आठ ओळींत लावली. त्यात हा बाप नव्हता. माझ्या लेखी त्या सामन्यातली सर्वांत मोठी बातमी तीच होती, पण हे कळायला मला इतकी वर्षं लागली. स्वतःचं पोर मैदानात असताना जो माणूस पक्षपात बाजूला ठेवू शकतो, त्याच्यापुढे माझा जुना राग म्हणजे काय?

शेवटचा मुद्दा, किमतीचा. तो टाळून ही यादी पुरी होत नाही.

कॅल्विन जॉन्सन, डेट्रॉइट लायन्स. २०१२ मध्ये एका हंगामात १९६४ यार्ड, आजही विक्रम. तिशीत, २०१६ मध्ये खेळ सोडला, कारण शरीर ऐकेना. एवढी वर्षं ज्यांच्यासाठी झिजला त्या क्लबनं बोनसमधले पैसे परत घेतले, त्यावरून वर्षानुवर्षं अबोला होता. डिमेरियस थॉमस, डेन्व्हरचा, सुपर बोल विजेता. डिसेंबर २०२१ मध्ये गेला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. नंतर मेंदू तपासला तर डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी होणारा सीटीई नावाचा आजार सापडला. हा आजार माणूस जिवंत असताना नक्की सांगता येत नाही. आणि डॅरिल स्टिंग्ली, न्यू इंग्लंडचा. ऑगस्ट १९७८, हंगामाआधीचा सराव सामना, ज्याचे गुण कुठंच धरत नाहीत. पास झेलायला हवेत झेपावला आणि बचावपटूची धडक बसली. मान मोडली. वय २६. पुढची एकोणतीस वर्षं चाकाच्या खुर्चीत. त्या धडकेवर पंचांनी साधा फाउलही दिला नव्हता, कारण नियमात ती बसत होती.

रिसीव्हरचे पकडाचे नियम सैल केले तेही याच १९७८ मध्ये. तिकीट विकणारा नियम लगेच बदलला. मान वाचवणाऱ्या नियमांना पुढे बरीच वर्षं लागली.

तर भाच्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर अजूनही जेरी राइसच आहे. वीस वर्षं, विटा झेललेले हात आणि दुसऱ्यापासून पाच हजार यार्डांचं अंतर, याला माझ्याकडे तोड नाही. त्याच्याखाली मी हटसन लिहीन, मग मॉस. पण हटसनच्या ओळीशेजारी वुडी स्ट्रोडचं नावही लिहीन, आकड्याशिवाय. ओवेन्सला फिट्झजेराल्डच्या बरोबरीनं लिहीन, स्वभावाचे गुण न कापता.

२०२८ चं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला आहे. त्याच कोलिसियममध्ये ॲथलेटिक्स होणार, आणि क्रिकेटसोबत फ्लॅग फुटबॉलही, म्हणजे या खेळाचा धडक नसलेला प्रकार, ऑलिंपिकमध्ये येतोय. तेव्हा ते स्टेडियम टीव्हीवर दिसलं की हॅली हार्डिंगचं नाव आठवा. बैठकीत उभं राहून प्रश्न विचारणारा.

मला फार लांब जायची गरज नाही. आमच्या निवड समितीची बैठक आता महिन्याभरात आहे. त्या कबड्डीपटूचं नाव मीच मांडणार आहे आणि आधी दोनदा विरोध का केला होता तेही तिथंच सांगणार आहे. तो अजून हयात आहे, चालताफिरता आहे. इथं जाहीर लिहून ठेवलं, म्हणजे आता मला मागे फिरता येणार नाही.

तुमच्या आठवणीतला असा कुणी आहे का, ज्याचं नाव कुणाच्या तरी रागामुळे यादीत आलं नाही? जरूर सांगा. मी नोंद करून घेतोय.